सासूबाईंना परळला जायचं होतं

मुंबई बघून आल्यापासून मंडळातल्या न आलेल्या बायका भेटतील तिथे एकच विचारतात, "काय काय बघितलंत?" गेटवे बघितला, राणीची बाग बघितली, समुद्र बघितला. समुद्राचं काय एवढं कौतुक! कुडाळहून तासाभरावर तोच समुद्र आहे आणि पाणी त्याहून स्वच्छ आहे. पण या सहलीत परळला जे बघितलं ते रस्त्यात उभं राहून सांगण्यासारखं नाही. म्हणून सगळ्यांसाठी एकदाच लिहून काढते.

सहल आमच्या महिला मंडळाची होती. मिनीबस, तीन दिवस, आणि नेणारे बांदेकर. माणूस चांगला, पण घड्याळाचा गुलाम. माझ्यासोबत सासूबाई होत्या. पंचाहत्तरी कधीच ओलांडली आहे, पाय अजून तुरुतुरु चालतात, कान मात्र जवळजवळ गेलेले. कानाचं यंत्र घेऊन दिलं तर ते कपाटात. "त्येच्यात नुसते कावळे वरडतत," म्हणतात. ही बाई एरवी जत्रेलासुद्धा शेजारच्या गावात जायची नाही. तिने स्वतःहून "माझा पण नाव घाल" म्हटलं तेव्हा मी उडालेच.

कारण कळायला वेळ लागला नाही. कारण म्हणजे कमळमावशी.

लग्नानंतर सासूबाई परळला गेल्या. सासरे गिरणीत कापड विणायच्या साच्यावर, आणि त्या वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत मोठ्या बॉबिनवर गुंडाळतात तिथे. शेजारच्या मशीनवर कमळ. साताऱ्याकडची, बौद्ध. दोघींचा डबा एक. आमच्याकडच्या बाकीच्या बायका कमळच्या तांब्यातलं पाणी पीत नसत, तेव्हा या दोघी मशीनच्या मागे बसून एका ताटलीत जेवायच्या. पुढे संप झाला, गिरणीचं काही खरं राहिलं नाही, आमचं घर गाठोडी बांधून कुडाळला परत आलं. कमळमावशी परळच्या चाळीतच राहिल्या. तेव्हापासून दोघींची गाठ नाही. फोन करावा तर सासूबाईंना ऐकू येत नाही, मध्ये मी. "त्या बऱ्या आहेत म्हणतात." "तिका सांग, मी पण बरी." याच्यापुढे बोलणं सरकायचं नाही.

मागच्या वर्षी कमळमावशींना घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, त्यात स्वरयंत्रच काढावं लागलं. सहलीच्या आधी मी फोन केला तर त्यांचा मुलगा मिलिंद म्हणाला, "आईला आता बोलता येत नाही, वहिनी. पण या. लवकर या."

फोन ठेवून मी सासूबाईंना सगळं सांगितलं. शेवटचं 'लवकर' तेवढं गिळलं. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि मग पिशवीत कुळथाचं पीठ आणि कोकमं भरायला लागल्या. एकीला ऐकू येत नाही, दुसरीला बोलता येत नाही. या दोघी भेटून करणार काय, हाच विचार माझ्या डोक्यात मुंबई येईपर्यंत होता.

गिरगाव

उतरायची सोय गिरगावात एका जुन्या सभागृहात होती. आंघोळी उरकून मिसळ खाल्ली. चांगली होती, पण पाव इतके मऊ की रश्श्यात बुडवले की हातात काही उरायचं नाही. मग गेटवे. तिथे माणसं गेटवेकडे पाठ करूनच उभी असतात, फोटोत तो मागे यावा म्हणून. आम्हीही तसेच उभे राहिलो. संग्रहालय मात्र मनापासून आवडलं. एवढ्या गजबजलेल्या शहरात घुमटाखाली इतकी शांतता असू शकते हे खरं वाटेना. आमच्या शोभावहिनींनी मूर्तींसमोर चपला काढल्या आणि अनवाणीच पूर्ण दालन फिरल्या. मग चपला शोधण्यात आमचा बराच वेळ गेला. बांदेकर घड्याळ बघून कपाळाला हात लावत होते.

रात्रीच्या जेवणाला एका खानावळीत बांगड्याचं तिखलं मिळालं. तिरफळं नव्हती. तिरफळांशिवाय बांगडा म्हणजे काय सांगू! पण नारळ बरा होता आणि वाढणारी बाई आग्रहाची होती, म्हणून सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्लं.

त्याआधी संध्याकाळी चौपाटीवर बसलो होतो. सगळ्या समुद्राकडे तोंड करून, आणि सासूबाई समुद्राकडे पाठ करून माणसं बघत. बऱ्याच अंतरावर एक मुलगा आणि एक मुलगी वाळूत बसली होती.

"त्या पोराचा लगीन दुसरीकडे ठरला हा," सासूबाई एकदम म्हणाल्या. "तिका आता सांगता हा. गाढव मेलो."

"तुम्हाला कसं कळलं?"

"दिसता मा तोंडार."

त्यांच्यापासून गुपित राहत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. अंगणापलीकडच्या शेजारणी काय कुजबुजतात ते त्यांना बरोबर कळायचं. पण मी आपलं म्हातारीचा अंदाज पक्का, एवढंच धरून चालले होते. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा नीट सांगितलं. वाइंडिंग खात्यात मशीनचा आवाज असा, की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी फुकट. मग बायका आवाज काढायच्याच नाहीत. नुसते ओठ हलवायच्या, आणि समोरची ओठांवरून वाचायची. सासूची गाऱ्हाणी, मुलाचा ताप, भाजीचा भाव, खात्यावर देखरेख करणाऱ्या जॉबरला शिव्या, सगळं तसंच. जॉबर मागे उभा असला तरी त्याला पत्ता नाही.

"कान तर थयच गेले," त्या म्हणाल्या. "पण ह्या ऱ्हवला."

इतकी वर्षं एका घरात राहून हे मला माहीत नव्हतं. वाईट वाटलं. समोरचा मुलगा उठून निघून गेला होता आणि मुलगी तशीच बसून होती. सासूबाईंनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

दादर

दुसऱ्या दिवशी पहाटे दादरचा फुलबाजार. गेलात तर हे चुकवू नका. आमच्याकडे चाफा झाडाखाली सडून जातो, आणि इथे त्याच्या चार फुलांना पानात बांधून देतात. झेंडूचे ढीग, त्यातून वाट काढणारे हमाल, आणि पायाखाली पाकळ्यांचा चिखल. देवळाच्या रांगेत सकाळ गेली, दुपारी राणीच्या बागेत सगळ्या बायका पेंग्विनांपुढे लहान पोरींसारख्या झाल्या. सासूबाईंनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "गार पेटीत घालून ठेवलेत गे ह्यांका. बिचारे." आणि बाहेर जाऊन बाकावर बसल्या.

संध्याकाळी दादरला परत चहा घ्यायला थांबलो. बांदेकर आणि ड्रायव्हर काचा लावून बसमध्ये बसले होते, आम्ही रस्त्याच्या पलीकडे. माझ्या बशीत चहा सांडला, कारण सासूबाईंनी माझं मनगट धरलं होतं.

"तो म्हणता, उद्या लालबाग-परळ नको. थय गाडी अडकता. सरळ पुलावरून काढूया आणि बायकांका मॉल दाखवूया."

मी बसकडे पाहिलं. बांदेकरांचे ओठ हलत होते एवढंच मला दिसलं. सासूबाईंनी मनगट सोडलं नाही. "माका तेवढाच करूचा आसा गो मंगल," त्या म्हणाल्या. "बाकी काय नको. कमळीक बघूचा आसा."

त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी रस्ता ओलांडला आणि काचेवर टकटक केली. "बांदेकर, उद्या लालबाग रद्द नाही. मसाल्याशिवाय आम्ही कुडाळला परत जात नसतो." बांदेकर ड्रायव्हरकडे बघायला लागले, ड्रायव्हर बांदेकरांकडे. ही बातमी बंद काचेतून बाहेर गेली कशी, याचा त्यांना शेवटपर्यंत उलगडा झाला नाही. मसाल्याचं नाव काढल्यावर बाकीच्या बायकाही माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या, आणि विषय संपला.

लालबाग

लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत शिरण्याआधीच शिंका सुरू होतात. दारात लाल मिरच्यांचे ढीग, धणे, दगडफूल, हळकुंडं, आणि आत डंखांची धाडधाड. डंख म्हणजे मसाला कुटायची यंत्रं, लोखंडी मुसळं एकामागून एक आपटत असतात. आपल्याकडे मसाला घरी भाजून गिरणीवर नेतो. इथे पलीकडच्या दुकानात भाजतात, अलीकडच्या दुकानात कुटतात, आणि आपण नाकाला पदर लावून उभं राहायचं. त्या आवाजात आमच्या बायका घसा फाटेस्तोवर ओरडत होत्या, "जास्त तिखट नको! नको तिखट!" आणि दुकानवाली "काय? काय?" करत होती. सासूबाई तेवढ्या निवांत. त्यांनी सगळ्यांचा मसाला सांगितला, दुकानवालीचे प्रश्न तिच्या ओठांवरून घेतले आणि उत्तरं दिली. त्या गल्लीत त्यांना कानाची अडचण नव्हती.

मसाला कुटून होईपर्यंत दोन तास मोकळे होते. बांदेकरांना सांगून आम्ही दोघी परळकडे चालायला लागलो.

परळ

वाटेत सासूबाई थांबल्या. "आमची गिरण खंय गेली?"

समोर काचेची उंच इमारत होती. तिच्या आवारात गिरणीची चिमणी तेवढी ठेवलेली, खाली हिरवळ आणि दिवे लावलेले. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलं-मुली कॉफीचे पेले घेऊन आत जात होती. मी चिमणीकडे बोट दाखवलं. सासूबाईंनी मान वर करून ती नीट बघितली. मला वाटलं रडतील. त्या म्हणाल्या, "धूर नाय तर बरी दिसता," आणि पुढे निघाल्या.

चाळ जुनी, तीन मजली, लाकडी कठड्याची. गॅलरीत तुळशी, सायकली, वाळत घातलेले गणवेशाचे शर्ट. मिलिंद जिन्यापर्यंत घ्यायला आला. पंचेचाळिशीचा, एका कंपनीत नोकरीला आहे, आईसाठी रजा काढून घरी. "जयभीम, मावशी," म्हणाला आणि वाकला. सासूबाईंनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून पाहिला. तो आईच्या कडेवर असताना त्यांनी त्याला पाहिलं होतं.

खोली स्वच्छ. भिंतीत बुद्धाची मूर्ती ठेवलेला छोटा कोनाडा. खिडकीशी खाट, खाटेवर कमळमावशी. अंगावर मांस असं उरलंच नव्हतं. गळ्याला श्वासासाठी केलेलं भोक, त्यावर पातळ पांढरं फडकं, श्वासाबरोबर वर-खाली होणारं. मी चरकले. सासूबाई सरळ खाटेवर जाऊन बसल्या, कमळमावशींचे हात हातात घेतले, आणि मग दोघींचे ओठ हलायला लागले.

दोघींचे! कमळमावशींना छान ऐकू येतं. सासूबाईंना आवाज आहे. पण सासूबाईसुद्धा आवाज न काढता बोलत होत्या. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. मध्येच दोघी हसल्या, कमळमावशींचे खांदे गदगदा हलले आणि गळ्यावरचं फडकं उडालं. मिलिंदने ते सारखं केलं.

"मावशींना कळतंय?" तो मला म्हणाला. "आम्ही किती प्रयत्न करतो. दात नाहीत, गाल आत गेलेत, ती भराभर बोलते, आम्हाला चार शब्दसुद्धा लागत नाहीत. लिहिता येत नाही तिला. मोबाइलवर चित्रं दाखवून बघितली, तिने मोबाइल भिरकावला. आता बोलायचंच सोडून दिलंय."

आणि मग त्याने ते 'लवकर' का म्हटलं ते सांगितलं. मानेत पुन्हा गाठ आली आहे. डॉक्टर म्हणतात, पुन्हा मोठं ऑपरेशन करून बघू, नाहीतर फक्त दुखण्यावर औषध देत राहू. घरच्यांनी ठरवायचं. "आईला विचारलं मी. एकदा नाही, तीनदा विचारलं. तिने मान हलवली. हो म्हणाली. पुढच्या आठवड्यात नेतोय."

सासूबाई त्याच्या ओठांकडे बघत होत्या हे माझ्या उशिरा लक्षात आलं. त्या कमळमावशींकडे वळल्या. कमळमावशींचे ओठ थोडे हलले. सासूबाईंचा चेहरा उतरला.

"ती 'हो' म्हणूक नाय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तिका ऑपरेशन नको हा."

मिलिंद ताडकन उभा राहिला. "मावशी, तुम्ही इतक्या वर्षांनी येता, घटकाभर बसता, आणि मला सांगता आईला काय हवं ते? मी बसलोय इथे तिच्या उशाशी. नळ्या मी साफ करतो. तुम्हाला नीट कळलं नसेल. काहीतरी भलतंच वाचलं असेल तुम्ही!"

त्याचं काय चुकलं? मलाही क्षणभर तेच वाटलं. वय झालेली, बहिरी बाई. एका माणसाच्या जिवाचा प्रश्न, आणि आधार कशाचा, तर दात नसलेल्या ओठांचा. मी सासूबाईंचा दंड धरला, "चला आपण" म्हणाले. त्यांनी माझा हात झटकला.

तेवढ्यात कमळमावशींनी खाटेच्या लोखंडी कडेवर हाताची अंगठी जोरात आपटली. मिलिंदचा सदरा धरून त्याला खाली बसवलं. सासूबाईंकडे बघून मान हलवली. आणि सावकाश बोलायला लागल्या. त्यांच्या मागोमाग सासूबाई, शब्दाला शब्द, या वेळी मोठ्याने.

"मिलिंद्या, हिकडं बघ. तिच्याकडं नगं बघूस. माझ्याकडं बघ."

माझ्या सासूबाईंच्या तोंडून जन्मात कधी 'हिकडं' आणि 'नगं' निघालेलं नाही. त्या मालवणीशिवाय बोलत नाहीत. मिलिंदचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी मान हलवली ती तू गप बसावंस म्हणून. न्हाई म्हटलं की तू भांडतोस. आन मला भांडाया तोंड कुठाय? पयल्यांदा कापलं ते तुझ्यापायी कापून घेतलं. तुला वाईट वाटाया नगं म्हणून. आता बास. आता कापाकापी नगं. त्या हास्पिटलात, नळ्या लावून, कोण बाई काय बाई ठावं न्हाई अशा खाटंवर मला जायचं न्हाई. हितं ऱ्हाते. ह्या खिडकीपाशी. दुखलं तर औषध दे. तू काय कमी केलं न्हाईस रं माझ्या राजा. उद्या कोण काय म्हटलं तर माझं नाव सांग. म्हणावं, आईनंच न्हाई म्हटलं."

कमळमावशी थांबल्या. सासूबाईही थांबल्या. डोळ्यांतलं पाणी गालांवरून ओघळून त्यांच्या पदरावर पडत होतं, पण त्यांनी ते पुसलं नाही. पुसायला डोळे झाकले असते तर एखादा शब्द निसटला असता.

मिलिंद आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागला. मोठा माणूस असा हमसून रडताना मी फार दिवसांनी पाहिला. "मिलिंद्या," तो म्हणत होता, "मिलिंद्या असं कोणीच म्हणत नाही मला. ती सोडून कोणीच नाही." बऱ्याच वेळाने त्याने डोकं वर केलं. "ठीक आहे, आई. नाही करायचं. मी कळवतो त्यांना. नाही करायचं."

कमळमावशींनी डोळे मिटले. माझा फोन वाजला, बांदेकर होते, मी बंद करून टाकला.

"मावशी," मिलिंद सासूबाईंना म्हणाला, आणि सासूबाईंना दिसावं म्हणून तोंड त्यांच्याकडे करून म्हणाला, "तिला अजून बोलायला सांगा ना. काहीही. काहीही बोलू दे."

कमळमावशींनी डोळे उघडले. लेकाच्या गालावरून हात फिरवला, वाढलेले पांढरे-काळे खुंट बोटांना लागले तशी त्यांनी भुवया आवळल्या. ओठ हलले. सासूबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं आणि कमळमावशींच्याच कडक सुरात सांगितलं.

"आदी दाढी कर जा. अजून कोण मेलं न्हाई हितं."

मिलिंद उठला. नाक पुसलं, खुंटीवरचा टॉवेल खांद्यावर टाकला, आणि मोरीत जाऊन नळ सोडला.